गल्लीचा चौक होताना : जॅक्सन हाइट्सची डायव्हर्सिटी प्लाझा आणि लोकसहभागाचा खरा अर्थ

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, रूझवेल्ट अव्हेन्यूच्या रेल्वेस्थानकाला लागूनच, ३७व्या रोडचा एक लहानसा तुकडा वाहनांना बंद आहे. ७३व्या आणि ७४व्या स्ट्रीटच्या मधला हा भाग ‘डायव्हर्सिटी प्लाझा’ या नावाने ओळखला जातो. (क्वीन्समध्ये ३७वी अव्हेन्यू, ३७वा रोड आणि ३७वा स्ट्रीट ही तीन निरनिराळी ठिकाणे आहेत; नवख्याची फसगत ठरलेली.) आकाराने हा चौक एखाद्या पेठेतल्या गल्लीहून फारसा मोठा नाही. तरीही वस्तीतील सार्वजनिक जागेची पुनर्रचना करताना स्थानिकांना कसे सोबत घ्यावे, आणि न घेतल्यास काय होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका गल्लीच्या इतिहासात मिळतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मराठी कुटुंबांना हा परिसर अपरिचित नाही. ७४व्या स्ट्रीटवरील सराफांची दुकाने, साड्यांची दालने, डाळी-पिठे-मसाल्यांची किराणा दुकाने यांच्यासाठी दूरदूरच्या उपनगरांतून लोक येथे येत. न्यू जर्सीतील ओक ट्री रोडला आजचे रूप येण्यापूर्वी तर हाच भारतीयांचा मोठा बाजार होता. पुढच्या वादाचे मूळ याच गोष्टीत आहे, कारण बाजाराचा ग्राहक आणि वस्तीचा रहिवासी ही येथे नेहमी एकच व्यक्ती नव्हती.

बागा होत्या, पण इमारतींच्या पोटात

जॅक्सन हाइट्स ही वस्ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने वसवली. १९१७ मध्ये उन्नत रेल्वे येथवर पोहोचली आणि मॅनहॅटनमधील मध्यमवर्गाला ही जागा आवाक्यात आली. चारी बाजूंनी इमारती आणि मधोमध राखलेली हिरवी बाग ही येथील रचनेची ओळख. या रचनेचे कौतुक आजही होते आणि १९९३ मध्ये वस्तीच्या मोठ्या भागाला ऐतिहासिक परिसराचा दर्जाही मिळाला. मात्र ज्यांनी ती वसवली त्यांनी ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना दारे बंद ठेवली होती, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

१९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर चित्र पालटले. १९७०च्या दशकापासून भारतीय व्यापारी ७४व्या स्ट्रीटवर आले. मागोमाग पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी, तिबेटी आले, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले लोक तर त्याहून मोठ्या संख्येने स्थायिक झाले. एकेकाळी ठरावीक वर्गापुरती राखलेली वस्ती शहरातील सर्वाधिक बहुभाषिक वस्त्यांपैकी एक बनली. बागा मात्र होत्या तिथेच, म्हणजे इमारतींच्या पोटात, कुलपाआड राहिल्या. दाट लोकवस्तीच्या या भागात ट्रॅव्हर्स पार्क सोडले तर सर्वांना बसायला, मुलांना खेळायला मोकळी जागा जवळपास नव्हतीच.

३७व्या रोडवरचे ईगल हे चित्रपटगृहही या स्थित्यंतराचे साक्षीदार. त्याचे मूळ नाव ‘अर्ल’. एका मालकीतून दुसऱ्या मालकीत जाताना फलकावरील इंग्रजी नावातले एकच अक्षर बदलले गेले आणि अर्लचा ईगल झाला. पुढे अनेक वर्षे तेथे हिंदी चित्रपट लागत. २००९ मध्ये ते बंद पडले. त्याच्या दारासमोरचा रस्ता दोन वर्षांनी बंद व्हायचा होता, पण त्याची कारणे वेगळी होती.

रंग, कुंड्या आणि खुर्च्या

२००७ मध्ये ब्रुकलिनच्या डम्बो भागातील एका त्रिकोणी वाहनतळाचे रंग, कुंड्या आणि खुर्च्या वापरून चौकात रूपांतर करण्यात आले. २००८ पासून न्यूयॉर्कच्या वाहतूक विभागाने ‘प्लाझा प्रोग्रॅम’ सुरू केला. २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये ब्रॉडवेचा भाग वाहनांना बंद करून तेथे स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या, तेव्हा या पद्धतीची जगभर चर्चा झाली. पद्धत साधी होती. आधी तात्पुरता बदल करायचा, लोक जागा कशी वापरतात ते पाहायचे, आणि मगच दगड-सिमेंटचे कायमचे बांधकाम हाती घ्यायचे. कागदावरच्या नकाशापेक्षा प्रत्यक्ष अनुभवावर मत देणे सामान्य माणसाला सोपे जाते, हे या पद्धतीचे बलस्थान. हलवता येणारी खुर्चीही यात महत्त्वाची. माणसाला स्वतःच्या सोयीने सावलीत, उन्हात, मित्राकडे तोंड करून बसता आले की जागा वापरात येते, हे विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या लहान चौकांचे तासन्‌तास निरीक्षण करून १९८०च्या आपल्या पुस्तकात मांडले होते.

प्लाझा प्रोग्रॅमची दुसरी अट अधिक जाचक होती. जागा शहराची, बांधकाम शहराचे; पण झाडलोट, कुंड्यांना पाणी, विमा, कार्यक्रमांचे नियोजन ही जबाबदारी स्थानिक ना-नफा संस्थेने पत्करायची. मॅनहॅटनच्या श्रीमंत व्यापारी भागांत अशा संस्था आधीपासून सक्षम होत्या. क्वीन्समधल्या लहान दुकानदारांकडे असे काही नव्हते.

जॅक्सन हाइट्समध्ये वाहतूक विभागाने परिसराच्या कोंडीचा अभ्यास केला, रहिवाशांच्या सभा घेतल्या, सूचना मागवल्या. स्थानकातून बाहेर पडणारी गर्दी, बसगाड्या, दुकानांपुढे थांबणारी वाहने यांनी तो भाग गुदमरत होता, यावर कोणाचा वाद नव्हता. अभ्यासाअंती काही रस्त्यांच्या दिशा बदलण्यात आल्या, बसचे मार्ग वळवण्यात आले आणि २०११च्या शरद ऋतूत ३७व्या रोडचा हा तुकडा वाहनांना बंद झाला. कार्यपद्धतीच्या निकषावर पाहिले तर सर्व काही यथासांग झाले होते.

भांडणातून भागीदारी

दुकानदार मात्र संतापले. विक्री घटली, असे त्यांचे म्हणणे होते. गाडीने येणारे गिऱ्हाईक दारापर्यंत पोहोचेनासे झाले. मोकळ्या जागेत कचरा साचू लागला. रात्री तेथे कोण बसते याची भीती वाटू लागली. त्यांनी जाहीर निषेध केला आणि रस्ता पूर्ववत खुला करण्याची मागणी केली. ‘सभा झाल्या होत्या, तेव्हा का बोलला नाहीत?’ हा प्रशासनाचा नेहमीचा प्रश्न अशा वेळी तर्कशुद्ध वाटतो, पण तो अपुरा आहे. सकाळी लवकर उघडून रात्री उशिरा बंद होणाऱ्या दुकानाचा मालक सायंकाळच्या सभेला जात नाही. इंग्रजी पत्रकातील वाहतुकीची परिभाषा त्याच्या कामाची नसते. आणि वाहतुकीच्या अभ्यासातून आपल्या दारातला रस्ताच नाहीसा होईल, अशी कल्पना त्याच्या मनाला शिवत नाही. सूचना मागवल्या गेल्या, परंतु ज्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता त्यांच्यापर्यंत प्रश्नाचे खरे स्वरूप पोहोचले नाही.

पुढचा भाग अधिक बोधक आहे. शहराने रस्ता पुन्हा खुला केला नाही, पण चौक जसाच्या तसा सोडूनही दिला नाही. टेबले, छत्र्या, कुंड्या वाढल्या, आसपासच्या वाहतुकीत दुरुस्त्या झाल्या. दुसरीकडे दुकानदारांमधूनच ‘सुखी न्यूयॉर्क’ ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि चौकाची देखभाल व कार्यक्रम यांत शहराची भागीदार झाली. संस्थेचे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे असले तरी दक्षिण आशियाई कानाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. रहिवाशांचाही एक गट चौकाच्या पाठीशी उभा राहिला. ज्यांनी चौकाला विरोध केला त्यांच्यापैकीच काही जण चौकाचे राखणदार झाले, ही या कथेतील खरी कलाटणी होय. ती सभांमुळे घडली नाही. विरोध करणाऱ्याच्या हाती जबाबदारी आणि तिच्याबरोबर थोडा अधिकार आला, म्हणून घडली.

देखभालीचे ओझे मात्र हलके झाले नाही. गरीब व स्थलांतरितांच्या वस्त्यांतील चौकांना श्रीमंत भागांच्याच अटी लावणे अन्यायाचे आहे, ही टीका वाढत गेली. २०१३ मध्ये अशा चौकांना स्वच्छता व बागकामात मदत करणारा एक उपक्रम न्यूयॉर्कच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या आधाराने सुरू झाला. २०१५ मध्ये महापौर बिल द ब्लासिओ यांच्या प्रशासनाने अशा चौकांसाठी तीन वर्षांत ५६ लाख डॉलरची तरतूद जाहीर केली. चौक रंगवायला जितका उत्साह असतो तितका तो रोज झाडायला नसतो. म्हणूनच कोणत्याही लोकसहभागी आराखड्याची पारख करताना पहिला प्रश्न झाडूचा असावा, रंगांचा नव्हे.

कायमचे बांधकाम २०१८ मध्ये पूर्ण झाले. या मधल्या वर्षांत चौकाने स्वतःचे चारित्र्य घडवले होते. राजकीय सभा, शोकसभा, सणांचे कार्यक्रम, निदर्शने यांसाठी तो परिसराचे ठरलेले ठिकाण झाला. एरवी हातात चहाचा पेला घेऊन गप्पा मारणाऱ्यांचा कट्टा. यातले फारच थोडे मूळ आराखड्यात लिहिलेले होते.

शिडीची आठ पायऱ्यांची गोष्ट

लोकसहभाग या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणारा निबंध शेरी आर्नस्टीन यांचा आहे. अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण व नागरी विकास खात्यात नागरिक सहभागाचे काम केलेल्या आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना केवळ वळवले किंवा समजावले जाते. तो सहभागच नव्हे. मधल्या तीन पायऱ्या माहिती देणे, मत विचारणे आणि मन राखणे यांच्या. त्यांना आर्नस्टीन नाममात्र सहभाग म्हणतात. खरी सत्ता वरच्या तिघींवर सुरू होते : भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि नागरिकांचे नियंत्रण. डायव्हर्सिटी प्लाझाची गंमत अशी की आखणीच्या काळात ती मधल्या पायऱ्यांवर होती आणि भांडणानंतर एक-दोन पायऱ्या वर चढली.

आखणीतच लोकांना मोठा वाटा देण्याचा प्रयोग पाहायचा तर डेन्मार्ककडे वळावे लागते. कोपनहेगनच्या नोरेब्रो या स्थलांतरितबहुल भागात २०१२ मध्ये ‘सुपरकिलन’ हे सुमारे पाऊण किलोमीटर लांबीचे उद्यान खुले झाले. वस्तीत पन्नासहून अधिक देशांतून आलेले लोक राहतात. तुमच्या मायदेशातील कोणती वस्तू येथे हवी, असे त्यांना विचारले गेले. मोरोक्कोचे कारंजे आले, जपानी ऑक्टोपसच्या आकाराची घसरगुंडी आली. काही रहिवाशांना घेऊन ‘सुपरफ्लेक्स’ हा कलाकारांचा गट त्या त्या देशांत गेला. पॅलेस्टाइनमधून तर माती आणली गेली. २०१६ मध्ये या उद्यानाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

हे सारे मोहक आहे, आणि पुरस्कार अस्थानी म्हणता येणार नाही. तरीही एक भेद ध्यानात ठेवावा. वस्तू लोकांनी निवडल्या. लाल, काळा आणि हिरवा असे उद्यानाचे तीन भाग पाडणारी मूळ मांडणी मात्र वास्तुरचनाकारांची होती. छायाचित्रांत झळकणारा तो लाल पृष्ठभाग पुढे उन्हापावसाने फिका पडला आणि ओला झाला की निसरडा ठरला. ज्या म्हातारीला त्यावरून रोज दूध आणायला जायचे आहे, तिला आपल्या देशाचे कारंजे हवे का, याआधी पायाखालची फरशी कशी हवी हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरले असते.

महाराष्ट्राचा अनुभव या शिडीवर कुठे बसतो? ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, बाके, दिवे अशी लहान कामे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवता येतात. भारतातील हा आरंभीचा प्रयत्न निश्चितच मोलाचा. पण निवडीचा अखेरचा शब्द नागरिकांकडे नसल्याने तो मधल्या पायऱ्यांवरच राहतो. मुंबईत याउलट, ओव्हल मैदानासाठी भोवतालच्या रहिवाशांना १९९०च्या दशकात न्यायालयाची पायरी चढावी लागली. वांद्र्याच्या बँडस्टँड आणि कार्टर रोडच्या समुद्रकाठी रहिवासी संघटना आणि वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी मिळून फिरण्याच्या जागा घडवल्या. मध्यमवर्गीय आणि त्याहून वरच्या वस्त्यांना हे जमते, कारण वकील, वास्तुरचनाकार आणि माजी सनदी अधिकारी त्यांच्याच इमारतीत राहत असतात.

‘स्थानिक’ कोणाला म्हणावे

मराठीत चार वाटा मिळतात त्या जागेला चव्हाटा म्हणतात आणि गोष्ट चव्हाट्यावर आली की ती सर्वांची होते. नियोजनशास्त्रातील अवघड प्रश्न हाच की ‘सर्व’ म्हणजे नेमके कोण. जॅक्सन हाइट्सहून त्याच ७ क्रमांकाच्या रेल्वेने थोडे पुढे गेले की १०३व्या स्ट्रीटच्या स्थानकाखाली कोरोना प्लाझा लागते. एकेकाळी मालमोटारी उभ्या राहत ती ही जागा २०१२ मध्ये चौक झाली. क्वीन्स म्युझियमने आपले लोकसंघटक वस्तीत पाठवून तेथील कार्यक्रम आखले, म्हणून या चौकाचे नाव लोकसहभागाच्या चर्चेत आदराने घेतले जाई. करोनाकाळात रोजगार गेलेल्या अनेकांनी तेथे खाद्यपदार्थ विकायला सुरुवात केली आणि चौकाचा बाजार झाला. जुलै २०२३ मध्ये शहराच्या स्वच्छता विभागाने परवाने नसल्याच्या कारणावरून विक्रेत्यांना हटवले. विक्रेत्यांनी संघटित होऊन निदर्शने केली आणि काही महिन्यांनी मर्यादित संख्येने, ठरवून दिलेल्या जागी ते परतले.

येथे दोन्ही बाजूंना स्थानिक होते. वाट अडते, कचरा होतो म्हणणारा रहिवासी स्थानिकच. रोज तेथेच उभी राहून पोट भरणारी बाईही स्थानिकच. आराखडा करताना तिची गणना झाली नव्हती, कारण तेव्हा ती तेथे नव्हती. दादरच्या फेरीवाल्यांचा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही.

असाच पेच ३४व्या अव्हेन्यूवर दिसतो. २०२० च्या मे महिन्यात जॅक्सन हाइट्समधला हा २६ चौकटींचा, म्हणजे सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता दिवसा वाहनांपासून मोकळा करण्यात आला. अडथळे रोज सकाळी लावण्याचे आणि सायंकाळी काढण्याचे काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतले. इंग्रजीचे वर्ग, मुलांचे खेळ, झुंबा, बागकाम असे उपक्रम सुरू झाले. पुढे कायमच्या आराखड्यासाठी सर्वेक्षणे आणि कार्यशाळा झाल्या. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या काहींनी, विशेषतः गाडीवर अवलंबून असणाऱ्या वृद्धांनी आणि रुग्णांच्या कुटुंबांनी, विरोधही संघटित केला. बहुसंख्यांना आवडलेली गोष्ट अल्पसंख्यांच्या दारातच घडत असते तेव्हा केवळ हात वर करून निर्णय घेणे पुरेसे होत नाही. दारापर्यंत गाडी आणण्याची मुभा, सामान उतरवण्याच्या जागा, रुग्णवाहिकेची वाट अशा एकेका मुद्द्यावर बोलावेच लागते. हे बोलणे कंटाळवाणे असते आणि त्याची छायाचित्रे निघत नाहीत.

पारपत्र कोणते, हा प्रश्न येथे गौण

परदेशस्थ मराठी व्यावसायिकांमध्ये एक समज रूढ आहे : नागरिकत्व नाही, मतदानाचा हक्क नाही, तेव्हा वस्तीच्या कारभारात बोलण्याचाही हक्क नाही. किमान न्यूयॉर्क आणि इंग्लंडपुरता तो खरा नाही.

न्यूयॉर्क शहरात ५९ कम्युनिटी बोर्डे आहेत. प्रत्येकावर कमाल ५० विनावेतन सदस्य असतात. त्यांची नेमणूक बरोचे अध्यक्ष करतात आणि निम्मी नावे नगरपरिषदेचे सदस्य सुचवतात. त्या भागात राहणारी, काम करणारी किंवा तेथे अन्य महत्त्वाचे हितसंबंध असणारी व्यक्ती अर्ज करू शकते. अमेरिकी नागरिकत्वाची अट नाही. बोर्डाचा सल्ला बंधनकारक नसतो, पण रस्ते, चौक, परवाने यांचे प्रस्ताव त्याच्यापुढे येतात आणि त्याच्या सभा सर्वांना खुल्या असतात. वाहतूक समितीच्या सभेत अभियंता किंवा संगणकतज्ज्ञ असलेल्या रहिवाशाने आकडे वाचून विचारलेला एक नेमका प्रश्न बरेच काम करून जातो.

इंग्लंडमध्ये २०११च्या लोकलिझम कायद्याने वस्त्यांना स्वतःचा परिसर आराखडा करण्याची मुभा दिली. जेथे स्थानिक परिषद नाही तेथे किमान २१ जणांचा मंच स्थापन करून काम सुरू करता येते. आराखडा सार्वमतात मंजूर झाला की त्याला कायद्याचे वजन येते. भारतीय पारपत्रधारक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये मतदार होऊ शकतात, त्यामुळे या सार्वमतातही त्यांना मत देता येते. ही गोष्ट लंडन, बर्मिंगहॅमला नव्याने गेलेल्या अनेकांना ठाऊकच नसते.

न्यूयॉर्कमध्ये आणखी एक दार उघडे आहे. २०११ मध्ये चार मतदारसंघांपासून सुरू झालेल्या लोकसहभागी अंदाजपत्रकात भाग घेणारे नगरपरिषद सदस्य आपल्या निधीतील किमान दहा लाख डॉलर रहिवाशांच्या मतानुसार खर्च करतात. शाळांची दुरुस्ती, झाडे, खेळाची मैदाने, पदपथ अशी कामे त्यातून निवडली जातात. येथे पुण्याप्रमाणे केवळ सूचना घेतली जात नाही, कामांवर प्रत्यक्ष मतदान होते. मतासाठी त्या मतदारसंघात राहणे पुरेसे असते, स्थलांतरविषयक दर्जा विचारला जात नाही, आणि मतदाराचे किमान वय ११ वर्षे आहे. त्यामुळे ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे असलेले आई-वडील आणि त्यांची सहावीतली मुलगी एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर आपापली खूण करू शकतात.